एकच समुद्र, वेगवेगळे आकडे : लाटांची जुनी आणि नवी मॉडेल्स नेमकी कशी चालतात?

मागच्या जूनमध्ये मामाचा फोन आला. मामा रत्नागिरी जिल्ह्यात राहतो, आयुष्यभर होडी चालवली आहे. आता हातात स्मार्टफोन आहे आणि त्यात हवामानाचं ॲप. म्हणाला, "बाबू, ह्यात एक मॉडेल लाट २.६ मीटर दाखवतंय, दुसरं ३.१. समुद्र तर एकच आहे ना? मग खरं कुठलं?"

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. "दोन्ही मॉडेल वेगळी आहेत" एवढंच तेव्हा सांगू शकलो, पण हे काही उत्तर नव्हे. शिवाय मामाचा प्रश्न फक्त मासेमारीचा नव्हता. गावासमोरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड दुसऱ्याच पावसाळ्यात सरकले होते आणि त्या बंधाऱ्याच्या मागे त्याचं घर आहे. तो बंधारा बांधताना कुणीतरी कधीतरी "इथे लाट इतकी येईल" असा आकडा धरला असणार. तो आकडा येतो कुठून, हे शोधायला मी बसलो आणि काही महिने त्यातच गेले. जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी आकड्याचा अर्थ

ॲपमध्ये "लाटांची उंची ३ मीटर" असं दिसतं तेव्हा प्रत्येक लाट ३ मीटरची असते असं नाही. ही असते सार्थ लाट उंची. काही वेळ लाटा मोजायच्या, त्यातल्या सर्वांत उंच एक तृतीयांश लाटा बाजूला काढायच्या आणि त्यांची सरासरी घ्यायची. अनुभवी माणूस समुद्राकडे बघून जो अंदाज सांगतो, तो साधारण ह्याच आकड्याच्या जवळ जातो. म्हणून ही व्याख्या टिकली.

ह्याचा अर्थ काही लाटा त्याहून बऱ्याच मोठ्या असतात. हजारेक लाटांमधली सर्वांत मोठी लाट सार्थ उंचीच्या साधारण १.८६ पट निघते. १० सेकंदांना एक लाट धरली तर तीन तासांत १०८० लाटा येतात. म्हणजे ॲपवर ३ मीटर असेल, तर तीन तासांत एखादी साडेपाच मीटरची लाट येणं हा अपघात नाही, तो हिशोबाचाच भाग आहे.

उंचीसोबत दोन आकडे कायम बघा : पिरियड, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, आणि दिशा. खोल पाण्यात लाटेची लांबी पिरियडच्या वर्गाला १.५६ ने गुणून मिळते. ५ सेकंदांची लाट ३९ मीटर लांब, १० सेकंदांची १५६ मीटर, १५ सेकंदांची ३५१ मीटर. उंची तीच असली तरी लांब लाट किनाऱ्यावर वेगळं वागते. तिला समुद्राचा तळ खूप आधीच लागतो.

तक्त्यांचा काळ : वारा किती, किती वेळ, किती लांबून

लाटांचा शास्त्रशुद्ध अंदाज सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धात. सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाट किती असेल हे आधी कळायला हवं. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या हाराल्ड स्वेर्डरुप आणि वॉल्टर मंक ह्यांनी त्यासाठी पद्धत बसवली. जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीसाठी लाटांचे अंदाज ह्याच पद्धतीवर आधारलेले होते. त्यांचं काम १९४७ मध्ये प्रसिद्ध झालं, पुढे ब्रेटश्नायडर ह्यांनी त्यात भर घातली आणि तिघांच्या नावांवरून ती एसएमबी पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली.

ह्यात तीनच गोष्टी लागतात : वाऱ्याचा वेग, वारा किती वेळ वाहिला, आणि फेच, म्हणजे वाऱ्याला पाण्यावरून सलग धावायला मिळालेलं अंतर. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी काढलेलं "शोअर प्रोटेक्शन मॅन्युअल" अनेक देशांत किनारी इंजिनीअरिंगचं पाठ्यपुस्तक बनलं. त्याच्या १९८४ च्या आवृत्तीत ह्याच धर्तीची सूत्रं आहेत.

एक उदाहरण कॅल्क्युलेटरवर करून बघू. वारा सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. फेच १०० किलोमीटर. मॅन्युअलप्रमाणे आधी वाऱ्याचा वेग पाण्यावरच्या ओढीसाठी दुरुस्त करायचा, तो साधारण २० येतो. मग सूत्रातून लाट मिळते ३.२ मीटर, पिरियड ७.९ सेकंद. आणि ही लाट तयार व्हायला वारा किमान सात तास वाहायला हवा.

पाच मिनिटांत उत्तर! कॉम्प्युटरही नको. धरणाचा जलाशय, खाडी, तलाव अशा बंदिस्त पाण्यासाठी ही पद्धत आजही पहिला अंदाज म्हणून चांगली आहे.

अडचण येते मोकळ्या समुद्रावर. हिला फक्त इथला वारा दिसतो. पण १५ सेकंदांच्या लांब लाटांची ऊर्जा खोल पाण्यात ताशी ४२ किलोमीटरने पुढे जाते, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. दक्षिण महासागरात वादळ झालं तर साधारण आठवड्याने त्याच्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. इथे वाऱ्याचा पत्ता नसतो. केरळात अशा अचानक आत घुसणाऱ्या समुद्राला "कळ्ळक्कडल" म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या लाटाही वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या मोजून नोंदवल्या आहेत. गावातला वारा तक्त्यात घालून ह्यातलं काहीच हाती लागत नाही.

स्पेक्ट्रम : समुद्र म्हणजे एक लाट नव्हे

पुढची उडी होती विचारातली. समुद्राची पातळी म्हणजे अनेक लहानमोठ्या, वेगवेगळ्या दिशांनी जाणाऱ्या लाटांची बेरीज, असं मानायचं. गाण्याच्या ॲपमधला इक्वलायझर आठवा : कुठल्या पट्ट्यात किती ऊर्जा आहे ते दांड्यांनी दिसतं. लाटांच्या स्पेक्ट्रममध्येही तेच, फक्त पिरियडसोबत दिशेचेही कप्पे असतात.

असं पहिलं मॉडेल फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ जेल्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ च्या सुमारास मांडलं. त्याच वर्षी फिलिप्स आणि माइल्स ह्यांनी वारा पाण्याला ऊर्जा कशी देतो ह्याचे सिद्धान्त दिले. तिथून मॉडेल्सच्या तीन पिढ्या मोजतात.

पहिली पिढी : प्रत्येक कप्प्यात वाऱ्याने ऊर्जा भरायची आणि ठरावीक मर्यादा आली की थांबायचं. एका कप्प्याचा दुसऱ्याशी संबंध नाही.

दुसरी पिढी : १९६८-६९ मध्ये उत्तर समुद्रात जर्मनीच्या सिल्ट बेटाजवळ "जॉन्स्वॅप" नावाचा मोठा प्रयोग झाला आणि १९७३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यातून कळलं की लाटा आपापसांत ऊर्जेची देवाणघेवाण करतात आणि त्यामुळेच लहान लाटांमधून लांब लाटा वाढत जातात. क्लाउस हासेलमान ह्यांनी ह्याचं गणित १९६२ पासून मांडलं होतं. हेच हासेलमान पुढे हवामानबदलावरच्या कामासाठी २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. पण ते गणित तेव्हाच्या कॉम्प्युटरना झेपणारं नव्हतं. म्हणून दुसऱ्या पिढीने पळवाट काढली : स्पेक्ट्रमचा आकार आधीच ठरवून टाकायचा आणि फक्त त्याची उंची-रुंदी बदलायची.

वारा स्थिर असेल तर हे चालतं. पण चक्रीवादळात वारा तासातासाला दिशा बदलतो आणि ठरवलेला आकार खोटा पडतो. १९८५ मध्ये "स्वॅम्प" नावाच्या अभ्यासात दहा मॉडेल्सना एकसारखा वारा देऊन उत्तरं तपासली. काल्पनिक चक्रीवादळ दिल्यावर उत्तरं एकमेकांपासून पार लांब गेली. मामाचा प्रश्न तेव्हा शास्त्रज्ञांनाच पडला होता!

तिसरी पिढी : आकार आधी ठरवायचा नाही

ह्याच अपयशातून तिसरी पिढी आली. स्पेक्ट्रमला मोकळं सोडायचं, आणि लाटांची आपसांतली देवाणघेवाण प्रत्यक्ष मोजायची. पूर्ण गणित अजूनही फार महाग होतं, म्हणून १९८५ मध्ये हासेलमान आणि सहकाऱ्यांनी त्याचं एक सुटसुटीत रूप काढलं : लाटांच्या असंख्य जोडण्यांपैकी मोजक्याच घ्यायच्या. त्यावर उभं राहिलेलं वॅम मॉडेल १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं.

आज तुमच्या फोनमधले आकडे बहुतेक ह्याच घराण्यातून येतात. युरोपीय हवामान केंद्र वॅमची सुधारलेली आवृत्ती चालवतं. अमेरिकेचं वेव्हवॉच थ्री हे हेंड्रिक टोलमन ह्यांच्या कामातून वाढलं. आपल्याकडे हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, तिसऱ्या पिढीची मॉडेल्स चालवून मच्छीमारांसाठी लाटांचे अंदाज आणि इशारे देतं.

मग मामाच्या ॲपमध्ये दोन आकडे का? कारण दोन मॉडेल्सना मिळणारा वारा वेगळा, ग्रिडचे चौकोन लहानमोठे, आणि लाट फुटताना किती ऊर्जा जाते ह्याची सूत्रं वेगळी. २.६ आणि ३.१ मधला फरक म्हणजे "ह्या अंदाजात एवढी अनिश्चितता आहे" हे फुकट मिळालेलं उत्तर आहे. समुद्रात जायचं की नाही हे ठरवताना मोठा आकडा धरावा, असं मी मामाला सांगितलं.

किनाऱ्याजवळ सगळंच बदलतं

बंधारा किंवा जेट्टी बांधणाऱ्याला खोल समुद्रातली लाट कळून पुरत नाही. त्याला हवी असते बंधाऱ्याच्या पायथ्याशी येणारी लाट. मधल्या काही किलोमीटरमध्ये लाट हळू होते. १० सेकंदांची लाट खोल पाण्यात सेकंदाला १५.६ मीटरने धावते, ५ मीटर खोलीत तिचा वेग सातच्या आसपास येतो. हळू झाली की ती उंच होते, उथळ भागाकडे वळते, तळाशी घासून ऊर्जा गमावते आणि शेवटी फुटते. ढोबळ नियम असा की पाण्याच्या खोलीच्या ०.७८ पटीहून उंच लाट तिथे उभी राहू शकत नाही.

जुन्या काळी हे हाताने व्हायचं. नकाशावर लाटेचे किरण काढायचे. किरण जवळ आले की लाट मोठी, फाकले की लहान. एक पिरियड, एक दिशा, एक नकाशा. दोन किरणांनी एकमेकांना छेदलं की सूत्राप्रमाणे उंची अनंत! मग अभियंता अनुभवाने काहीतरी आकडा धरायचा.

ह्या कामासाठी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात स्वान मॉडेल तयार झालं. बोइ, रिस आणि होल्टहाउसेन ह्यांचा त्यावरचा मुख्य शोधनिबंध १९९९ चा. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणीही डाउनलोड करून चालवू शकतं. डेन्मार्कच्या संस्थेचं माइक २१ हे त्याच कामाचं व्यावसायिक सॉफ्टवेअर.

प्रोग्रामरच्या नजरेने बघा. मी २०० गुणिले १५० बिंदूंचं ग्रिड घेतलं, म्हणजे ३०,००० बिंदू. प्रत्येक बिंदूवर ३६ दिशा आणि ३२ वारंवारिता, म्हणजे ११५२ कप्पे. एकूण सुमारे ३.४६ कोटी आकडे, साधारण १३८ एमबी. हे सगळे आकडे उत्तर स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडवायचे. साध्या लॅपटॉपला हे जमतं. एसएमबीचं उत्तर कागदावर एका ओळीत मावायचं, एवढा तो प्रवास आहे.

पण एक सावधगिरी. तळाच्या घर्षणाचा एक गुणांक स्वानमध्ये असतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये वाऱ्याच्या लाटांसाठी तो डिफॉल्ट ०.०६७ होता. २०१२ मध्ये डच संशोधकांनी ०.०३८ सुचवला आणि पुढे डिफॉल्ट तोच झाला. म्हणजे इनपुट फाइल तीच ठेवून फक्त सॉफ्टवेअर अपडेट केलं तरी उत्तर बदलू शकतं. रिपोर्टमध्ये "स्वान वापरलं" एवढंच लिहिलेलं असेल तर ते अर्धवट आहे. आवृत्ती कुठली आणि गुणांक कुठले, हेही हवं.

एकेक लाट मोजणारी मॉडेल्स

स्वान तुम्हाला सांगतं की इथे सरासरीने किती ऊर्जा आहे. अमुक सेकंदाला पाणी कुठे आहे हे ते सांगत नाही. बंदराच्या आत लाट वळून कशी येते, बंधाऱ्यावरून पाणी किती उडून पलीकडे पडतं, ह्यासाठी एकेक लाट मोजावी लागते.

त्याचीही जुनी-नवी वंशावळ आहे. १९६७ मध्ये पेरेग्रिन ह्यांनी उतरत्या तळासाठी बुसिनेस्क समीकरणं दिली. १९७२ मध्ये बेर्खॉफ ह्यांचं सौम्य उताराचं समीकरण आलं, जे बंदरांच्या अभ्यासात खूप वापरलं गेलं. नव्यांमध्ये डेल्फ्टचंच स्वॅश आहे, २०११ चं. वादळात वाळूचा किनारा कसा खचतो ह्यासाठी २००९ च्या सुमारास एक्सबीच आलं.

किंमत मात्र मोजावी लागते. स्वानला ५० मीटरचे चौकोन चालतात, स्वॅशला एक-दोन मीटरचे लागतात, आणि वेळेचा टप्पा सेकंदाच्या लहानशा भागाचा. म्हणून सहसा साखळी करतात : मोठ्या समुद्रासाठी वेव्हवॉच किंवा वॅम, किनाऱ्यापर्यंत स्वान, शेवटच्या काहीशे मीटरसाठी स्वॅश.

आणि सर्वांत जुनं मॉडेल अजून निवृत्त झालेलं नाही : खऱ्या पाण्याची टाकी. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या, १९१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांच्यावर लाटा सोडतात. १:१०० प्रमाण घेतलं तर ३ मीटरची लाट ३ सेंटिमीटरची होते आणि १० सेकंदांचा पिरियड १ सेकंदाचा. दगड एकमेकांत कसे अडकतात आणि कधी निसटतात, हे बघायला टाकी अजूनही विश्वासाची वाटते.

अर्ध्या मीटरने काय बिघडतं?

आता खरा मुद्दा. अर्ध्या मीटरच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला?

बंधाऱ्याचा दगड किती जड हवा, ह्यासाठी १९५९ पासून हडसन सूत्र वापरतात. त्यात वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं. दगडाची घनता घनमीटरला २६५० किलो, उतार १:२ आणि स्थैर्य गुणांक २ धरून मी काढलेले आकडे असे :

- २ मीटर लाट : १.३ टनाचा दगड
- २.५ मीटर लाट : २.६ टन
- ३ मीटर लाट : ४.५ टन

अर्धा मीटर वाढला आणि वजन दुप्पट झालं. खाण बदलते, क्रेन बदलते, बजेट बदलतं. हडसन सूत्रात पिरियड नाहीच, वादळ किती वेळ चाललं तेही नाही. १९८८ मध्ये फान डेर मेअर ह्यांनी ह्या गोष्टी धरणारी नवी सूत्रं दिली. म्हणजे लाटेचं मॉडेल नवं पण दगडाचं सूत्र जुनं, असंही घडू शकतं.

पोर्तुगालच्या सिनिश बंदराचा ब्रेकवॉटर फेब्रुवारी १९७८ च्या वादळात असाच मोडला. बांधकाम जवळपास पूर्ण झालं होतं आणि ४२ टनांचे काँक्रीटचे डोलॉस त्यावर रचले होते. त्यांचा मोठा थर तुटून गेला. नंतरच्या चर्चेत लाटांचा पिरियड, समुद्रतळामुळे एका जागी गोळा होणारी ऊर्जा आणि खुद्द डोलॉसची ताकद असे अनेक प्रश्न पुढे आले. एकटी "उंची किती" पुरेशी नसते, हा धडा जगभर तिथून पोचला.

माझा रन आणि मामाची मोजपट्टी

गावाच्या बंधाऱ्याच्या जुन्या अहवालाची झेरॉक्स एका शेजाऱ्याकडे मिळाली. त्यात वारा-फेचच्या तक्त्यावरून लाट काढलेली होती, एकच दिशा. मी मनात म्हटलं, हेच चुकलं! आणि मोठ्या उत्साहात स्वान चालवलं.

वारा आणि बाहेरच्या लाटा ईआरए-५ मधून घेतल्या. हा युरोपीय केंद्राचा १९४० पासूनचा दर तासाचा फुकट डेटा, लाटांचं ग्रिड अर्ध्या अंशाचं, म्हणजे साधारण ५५ किलोमीटरचं. मोठ्या वादळांच्या लाटा त्यात थोड्या कमी दिसतात, हे लक्षात ठेवावं लागतं. समुद्राची खोली जेबको नावाच्या जागतिक नकाशातून. त्याचा चौकोन साधारण साडेचारशे मीटरचा.

रन झाला, रंगीत नकाशा आला. मामाला व्हॉट्सॲपवर पाठवला. पाच मिनिटांत फोन. "बाबू, बंधाऱ्यासमोर तू पाणी किती धरलंस?"

"ओहोटीला चार मीटर."

"अरे, ओहोटीला तिथे मी गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून जाळं सोडवतो!"

गळ्यापर्यंत म्हणजे दीड मीटर. मी गप्प झालो आणि हिशोब परत केला. भरतीचे २ मीटर मिळवले तर माझ्या नकाशाप्रमाणे पाणी ६ मीटर, मामाप्रमाणे ३.५. ०.७८ चा नियम लावला तर कमाल लाट ४.७ मीटर की २.७ मीटर? दगड १७ टनांचा की ३.४ टनांचा? पाचपट फरक, आणि तो मॉडेलच्या पिढीमुळे नाही, खोलीच्या एका आकड्यामुळे.

पुढच्या सुट्टीत आम्ही दोघं होडीतून गेलो. मामाने वजन बांधलेली दोरी टाकून वावांमध्ये खोली सांगितली, मी फोनमध्ये जीपीएस आणि वेळ नोंदवली, भरतीच्या वेळापत्रकाने दुरुस्ती केली. एकूण ६१ ठिकाणं. ते आकडे घालून रन केला तेव्हा लाट खोलीनेच अडवलेली निघाली, अडीच मीटरच्या थोडी वर.

बंधाऱ्यातले निसटलेले दगड आम्ही टेपने मोजले. बहुतेक एक टनाच्या आतले. वरच्या सूत्राने एक टनाचा दगड १.८ मीटरच्या लाटेपर्यंत टिकतो. अहवालात जुनी पद्धत वापरली होती हे खरं, पण त्यातल्या मोठ्या लाटेलाही ते दगड पुरले नसते. म्हणजे सगळा दोष जुन्या मॉडेलवर टाकून मोकळं होता येत नाही. नव्या मॉडेलने मला वाचवलं असंही नाही. पहिल्या रनमध्ये त्याने मला पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर दिलं होतं.

माझा लॅपटॉपवरचा रन म्हणजे डिझाइन नव्हे, हे गावातही स्पष्ट सांगितलं. पण ग्रामसभेत "बंधारा नीट करा" ह्याऐवजी "भरतीला पायथ्याशी पाणी किती धरलं, ते कुणी आणि कधी मोजलं?" असा प्रश्न गेला. दुरुस्तीच्या आधी खोलीचं सर्वेक्षण करायचं आता मान्य झालंय. दगड अजून बसलेले नाहीत. ह्या पावसाळ्यात मामाने दाराशी वाळूच्या गोणी रचल्या आहेत.

कुठलं मॉडेल कधी?

- एसएमबी आणि तक्ते : तलाव, खाडी, झटपट पहिला अंदाज. दूरच्या लाटा दिसत नाहीत.
- पहिली-दुसरी पिढी : आज मुख्यतः इतिहास. जुन्या अहवालात नाव दिसलं तर वादळाचे आकडे जपून वाचा.
- वॅम, वेव्हवॉच थ्री : मोकळा समुद्र, रोजचा अंदाज, अनेक वर्षांच्या लाटांची आकडेवारी.
- स्वान, माइक २१ : खोल पाण्यातून किनाऱ्यापर्यंत. ब्रेकवॉटरच्या अगदी आड वळणारी लाट त्यात ढोबळच येते.
- बुसिनेस्क मॉडेल्स, स्वॅश : बंदराच्या आत, बंधाऱ्यावरून उडणारं पाणी. लहान भाग, भरपूर कॉम्प्युटिंग.
- पाण्याची टाकी : शेवटची खात्री, विशेषतः दगड आणि टेट्रापॉड टिकतील का हे बघायला.

न्यूरल नेटवर्कही आता आलंय. ते स्वानसारख्या मॉडेल्सच्या उत्तरांवर शिकवलं की काही सेकंदांत अंदाज देतं. पण ज्या वादळासाठी बंधारा बांधायचा ते दुर्मिळ असतं, आणि दुर्मिळ गोष्टींचा शिकवणीचा डेटा कमीच असतो.

तुमच्या गावात काम निघालं तर विचारा

१. बंधाऱ्याच्या पायथ्याशी खोली कुणी मोजली, कुठल्या महिन्यात? पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा किनारा सारखा नसतो.

२. खोली कुठल्या पातळीपासून? नकाशाचा शून्य आणि सरासरी समुद्रपातळीचा शून्य वेगळे असतात.

३. भरतीत वादळाने चढणारं पाणी मिळवलं का?

४. कुठलं मॉडेल, कुठली आवृत्ती, किती दिशा तपासल्या?

५. मॉडेलचं उत्तर मोजलेल्या लाटांशी ताडून पाहिलं का? जवळच्या बोयाच्या नोंदी असतील तर त्यांच्याशी तुलना दाखवायला सांगा.

६. ठरवलेल्या वजनाचाच दगड प्रत्यक्ष आला का? हे तपासायला मॉडेल लागत नाही, टेप पुरते : लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा, ओबडधोबड आकारासाठी त्याचे साधारण साठ टक्के धरा आणि २.६५ ने गुणा. उत्तर टनांत येईल.

फोनमध्ये एक टिपण करून ठेवा आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या मित्राला पाठवा. आणि रन करण्याआधी, जो माणूस तिथे रोज पाण्यात उभा राहतो, त्याला एकदा फोन करा.